राजकन्या जागी झाली तेव्हा मामी

मंडळी, आज दुपारी मामीला पिक्चरला घेऊन गेले होते. ते अजून मनातून जात नाहीये.

माझे मामा पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेत. डोळे उघडतात, पण कुणाला ओळखत नाहीत. मामी त्यांना सोडून कुठेच जात नाही. आज माझा भाऊ त्यांच्याजवळ बसला, म्हणून ती निघाली.

पिक्चर म्हणजे शापानं झोपी गेलेल्या राजकन्येची जुनी गोष्ट, आजच्या काळात आणलेली. नायिका बेशुद्ध, आणि तिचा प्रियकर वर्षानुवर्षं तिच्या उशाशी. शेवटी तो तिचं चुंबन घेतो आणि ती डोळे उघडते. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मामी नुसती पडद्याकडे बघत राहिली.

पिक्चर सुटल्यावर ती खाली मान घालून टावर चौकापर्यंत भरभर चालत आली. मला वाटलं, हिला आणलं हेच चुकलं.

"मामी, परेशान झालीस का गं?"

"नाही गं. ती उठली, सगळे तिच्याकडे धावले. चांगलंच झालं. पण तो इतकी वर्षं बसून होता ना, त्याला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तू जेवलास का?"

मी तिचा हात धरला. "तू जेवलीस?"

मामी आधी हसली. मग भर चौकात पदर डोळ्यांना लावून रडली. सकाळपासून नुसता चहा झाला होता. समोरच्या दुकानात बसून तिनं सावकाश, पोटभर खाल्लं. मधे एकदाही घरी फोन केला नाही.

आजारी माणसाची चौकशी आपण सगळेच करतो. तुमच्या घरी त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला कोण विचारतं?