वेंडेलच्या सैल तारा

वेंडेल स्ट्राउड माझ्या कुंपणापलीकडचा, त्यामुळे त्याच्या खोकल्यापासून घटस्फोटापर्यंतची बित्तंबातमी माझ्याकडे असते. पोरवयात ऑइलडेलच्या तेलविहिरींवर बापाबरोबर राबला, मग केस वाढवले, बँड काढला, गावरान कंट्री गाण्यांना रॉकचा दणका दिला. एकाहत्तर साली त्यानं लिहिलेलं एक गाणं उन्हाळाभर रेडिओवर वाजलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचं वाजलं.

ते गाणं गायली त्याची बायको, व्हर्लीन. नवरा म्हणून तिनं त्याला सहा वर्षांत हाकलला; गिटारवाला मात्र चाळीस वर्षं तोच ठेवला. शनिवारी दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोघं गायची, भांडायची आणि वेगवेगळ्या गाड्यांनी घरी जायची.

गेल्या हिवाळ्यात व्हर्लीनच्या फुप्फुसात गाठ निघाली. तिला ते गाणं शेवटचं एकदा म्हणायचं होतं, पण वरचा सूर लागेना.

"पट्टी उतरवू या का?" वेंडेलनं माझ्या व्हरांड्यात तिला भीत भीत विचारलं.

"उतरव की! आणि गायला दुसरी बाईही शोध," ती कडाडली. "जुन्याच पट्टीत, नाहीतर मी घरी बसते."

शनिवारी सकाळी कुंपणापलीकडे गिटारच्या खुंट्या करकरल्या. मी डोकावले. वेंडेल सहाही तारा सारख्याच सैल करत होता. बोटं जुन्याच जागी पडणार, सूर मात्र खाली.

"काय रे लबाडा!"

"तोंड उघडलंस तर तुझ्या टोमॅटोंवरून गाडी नेईन."

दुपारी व्हर्लीन त्याच्या बोटांवर नजर ठेवून गायली. वरचा सूर लागला. हॉल रडला, मीसुद्धा, नाक शिंकरत.

तिला गाडीत बसवत होते, तर तिनं माझा दंड धरला. "चांगलं दोन पट्ट्या खाली वाजवत होता मेला. तारा खरखरत होत्या. माझं फुप्फुस गेलंय, कान नाही. त्याला सांगू नकोस हं."

तेविसाव्या दिवशी ती गेली.

परवा वेंडेल गिटार घेऊन कुंपणाशी आला.

"तिला कळलं होतं का गं?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

"तिला? छे! 'अजून लागतो बघ सूर', म्हणून मिरवत होती."

तो हसला. मग ओल्या डोळ्यांनी गाण्याची सुरुवात वाजवू लागला. तारा अजून तशाच सैल होत्या. व्हर्लीनची ओळ आली, तिथं तो थांबला.