निळ्या नळीचं टोक

“गॅस काय रॉकेल हाय व्हय पावणं, जळून संपायला?”

आमचे एसीवाले माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी त्यांच्यापुढे फाइल धरली होती. तीन उन्हाळे, तीन वेळा गॅस भरल्याच्या नोंदी, तारखांसह. त्यांनी ती न उघडताच परत दिली.

“गॅस आत नुसता फिरतो. कमी झाला म्हंजे कुठंतरी गळतंय. आदी गळती, मग गॅस.”

एसी आईच्या खोलीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर होती आणि उकाड्यात तिच्या पाठीला जखमा होत. मला घाई होती. आज नुसता भरून द्या, म्हणालो.

“देतो की. पुढच्या उन्हाळ्यात फाइलीत आनि एक पान लावा.”

साबणाचा फेस लावून त्यांनी बाहेरच्या युनिटच्या एका नटापाशी गळती शोधली, सांधा नवा केला. मग खिडकीच्या गजाला तारेचा आकडा बांधून त्यावर दाब दाखवणारे दोन काट्यांचे मीटर अडकवले. त्यांना तीन नळ्या. पंपाने पाइपातली हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले.

“आता?” मी विचारलं.

“आता काटा बघायचा. अर्धा तास. हलला तर अजून गळतंय.”

आईला धूसर दिसायचं, रंग तेवढे कळायचे. “मशीनला सलाईन लावलंय जनू,” ती म्हणाली.

“तसंच की आक्का. निळी मशीनला, पिवळी पंपाला.”

“आनि लाल?”

“तिला आज काम न्हाय. पावण्यावानी नुसती हुबी हाय.”

पावणा मीच होतो. आई कितीतरी दिवसांनी हसली. मी बाहेरच्या खोलीत माझ्या कामाला गेलो. परत आलो तेव्हा दोघं बिद्रीकडच्या उसाच्या ट्रॉल्यांवर बोलत होते. आईचं माहेर तिकडचं, हे त्यांना अर्ध्या तासात कळलं होतं.

गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. थोडा जास्त घाला, म्हणालो.

“चहात साखर हाय व्हय? मशीनवर लिवलाय तेवढाच.”

माझ्यासारख्या आकडेवाल्या माणसाला हे पटलं. पुढे दरवर्षी मार्चमध्ये सर्व्हिसिंगला तेच येत. आई आदल्या दिवसापासून विचारायची, “काटावाला कवा येनार?” त्या दिवशी वेणी घालून घ्यायची. धुणं-पुसणं झालं की मीटर आकड्यावर, ते स्टुलावर. “हलला का?” आई विचारायची. “जागेवर हाय आक्का.” वेळ बघायची मला सवय. पहिल्या वर्षी बत्तीस मिनिटं. पाचव्या वर्षी पन्नास.

त्या पाचव्या वर्षी मी सहज गॅलरीत गेलो. निळ्या नळीचं टोक मशीनला लावलेलंच नव्हतं. कठड्याआड नुसतं लोंबत होतं. काटा हलणार कसा?

मी त्यांना बाहेर बोलावून ते दाखवलं.

“लावली-काढली की थोडा गॅस उगंच जातो,” ते म्हणाले. “आनि पाइप उघडलाच न्हाय तर तपासायचं काय?”

“मग काटा कशाला बघता?”

त्यांनी गजांतून आत पाहिलं. “त्या वाट बघत्यात की.” मग म्हणाले, “फाइलीत लिवू नका.”

लिहिलं नाही.

या मार्चमध्ये फोन केला तर त्यांच्या सुनेनं उचलला. दिवाळीनंतर गेले, म्हणाली. दुसरा माणूस आला, फिल्टर धुतले, थंड हवा येते ते दाखवलं आणि वीस मिनिटांत गेला. काम चोख होतं.

“झालं एवढ्यात?” आई म्हणाली. “पायपा दिसंनात त्या.”

ते गेल्याचं मी तिला सांगितलं. तिनं खिडकीकडे मान वळवली. गजाला तारेचा आकडा तेवढा होता.

“मग काटा कोन बघनार?”

मी स्टूल ओढलं. “मी बघतो आई.”

“अर्धा तास लागतुया,” ती म्हणाली. “नीट बस.”