मावशीने कॅन्सरच्या पेशींना जेवायला घातलं

हे मी लिहिणारच नव्हते. मावशीने बजावलं होतं, कॉलेजात कुणाला सांगू नकोस. पण माझ्या पोटात काही राहत नाही.

माझी मावशी अठ्ठावीस वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी सांभाळते. अंडाशयाच्या कॅन्सरच्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्लेटांमधलं जुनं खाद्य काढायचं, नवं ओतायचं. ताजं असतं गुलाबी, पेशींनी खाल्लं की पिवळं पडतं. पिवळं दिसलं की तिचा जीव वरखाली. घरी मीटर बघायला आलेला माणूससुद्धा तिच्या तावडीतून न खाता सुटत नाही.

आणि अशा बाईला प्रयोगशाळेच्या मॅडमनी काम काय द्यावं, तर पेशी उपाशी ठेवायच्या. बंद डबा, आत ऑक्सिजन नावापुरता, खाद्यात साखर नाही, सात दिवस. गाठीच्या मधोमध रक्त पोचत नाही, तरी तिथल्या काही पेशी जगतात कशा, ते बघायचं होतं. मावशी महिनाअखेर निवृत्त होतेय. हा शेवटचा प्रयोग नीट व्हावा, एवढंच तिचं मागणं.

तिसऱ्या दिवशी तिने एक प्लेट काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निम्म्या पेशी मेलेल्या. उरलेल्या ढिम्म.

“वाढणं बंद केलंय मॅडम. स्वतःचंच मोडकंतोडकं खाऊन बसल्यात. डिट्टो माझ्या सासूबाई.”

“कीव करू नका हं, मावशी.”

“कीव कोण करतंय? मेल्या चिवट आहेत, एवढंच म्हणतेय.”

चौथा दिवस नेमका शुक्रवार. डोक्यात निरोपाच्या भाषणाची जुळवाजुळव, हात आपले सवयीने चाललेले. डबा उघडला, जुनं काढलं, गुलाबी खाद्य साखरेसकट ओतलं. तीन प्लेटा झाल्या आणि चौथीवर हात हवेतच राहिला.

खोलीत चिटपाखरू नव्हतं. डबा गुपचूप बंद केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आकडे मात्र सगळे खोटे आले असते. मावशी हातमोजे काढून मॅडमच्या दारात जाऊन उभी.

“मॅडम, मी त्यांना जेवायला घातलं.”

“कुणाला?”

“उपाशी मंडळींना.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “किती?”

“पोटभर.”

सोमवारी टाकून देण्याआधी दोघींनी त्या तीन प्लेटा पाहिल्या. ढिम्म बसलेल्या पेशी जाग्या होऊन भराभर वाढत होत्या. मावशीला हसू आलं आणि लगेच विरलं. म्हणजे माणसात दबा धरून बसलेल्या पेशीसुद्धा अशाच उठत असणार. मॅडमनी ते लिहून ठेवलं आणि प्रयोग परत पहिल्यापासून लावला. डब्यावर आता कागद चिकटवलाय: “मावशी, नाही.”

तर उद्या परत शुक्रवार आहे. हा बिघडला तर तिसऱ्यांदा लावायला तिच्याकडे दिवस नाहीत. कागदावर माझा काडीचा विश्वास नाही. लॅब कॉलेजच्या मागेच आहे, तेव्हा उद्या दुपारी जाऊन तिला भेटाच, आणि काहीही न खाता जा. तिचे हात कुणाला तरी वाढण्यात गुंतले पाहिजेत.