पिंजरा रिकामा, पदर भरलेला

मैत्रिणींनो, सकाळपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून लगेच लिहितेय.

आमच्या मसोली गावातल्या वाडीत चिकूच्या कळ्या अळी खाते. मला घरीच लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक प्रयोग ठरवला. त्या अळीच्या पतंगाची मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची आणि खाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचं ताट. मादीच्या वासाने नर येतात आणि ताटात पडतात. मादी एकच होती. ती त्यांनी माझ्यावर सोपवली.

काल संध्याकाळी ती माझ्या हातून उडाली. मी घाबरून तिला धरलेले हात पदराला पुसले, रिकामाच पिंजरा टांगला आणि गप्प बसले. ताट रिकामं पाहून अण्णा प्रयोगच सोडून देतील, या धास्तीने मला जेवण गेलं नाही.

आज सकाळी सुकट विकणारी काशीमावशी अंगणातून ओरडली, "पोरी, तुझ्या पातळाला वऱ्हाड आलंय गं!"

कालचं पातळ दांडीवर तसंच होतं. त्याच्या पदरावर पंधरा-वीस नर पंख फडफडवत बसले होते. बाकी पातळावर एकही नाही. मी पदर नाकाशी धरला, तर मला कसलाच वास येईना!

अण्णांनी पिंजरा पाहिला, मग पदर.

"कधी उडाली?"

"कालच."

"तुझ्याआधी तुझा पदर खरं बोलला." ते हसले. "कापून पिंजऱ्यात टांगूया?"

मी धावत कात्री आणली.

तुमचं गुपित कधी असं कुणी उघडं केलंय का?