गांधीलमाशीचं सोंग

मी कृषी सहाय्यक. हिंगणीच्या त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पेरूच्या बागेत त्यांनी पदराची गाठ सोडून एक मेलेली गांधीलमाशी माझ्या तळहातावर ठेवली. मी भिंगातून पाहिलं. कंबर बारीक नव्हती आणि पंखांच्या कडेला खवले होते.

"मावशी, हा पतंग आहे. गांधीलमाशीचं सोंग घेतो. याच्याच अळ्यांनी खोडं पोखरलीत."

त्या वाळलेल्या झाडावरून हात फिरवत राहिल्या.

"आमचे मालक फवारा मारतो म्हणत. मीच भांडली. गांधीलमाशी अळ्या खाते, मारू नका म्हटलं. दोन दिवस बोलले नाई माह्यासंग."

"कुठं आहेत ते?"

"दिवाळीत गेले." मग हळूच म्हणाल्या, "त्यायचंच खरं होतं. आता सांगू कोणाले?"

खरं सांगून इतकं वाईट मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं.