पहिल्या आंघोळीचं तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या मांजरीला कुणीतरी तेल लावलंय, हे मला आधी नाकाने कळलं. ती सोफ्याखाली बसून मन लावून पाठ चाटत होती आणि तिच्या अंगाला कापराचा वास येत होता.

"आई, हिला काय लावलंत?"

सासूबाई दारात पणती ठेवत होत्या. सगळा जन्म चाकणजवळच्या गावात शेतीत काढलेल्या आणि गुडघे दुखायला लागल्यावर आमच्याकडे पुनावळ्याला आलेल्या. त्या सहज म्हणाल्या, "त्याल लावलं. आज सूर्व्य उगवायच्या आत न्हायलं न्हाई तर नरकात जातंय. पान्याला घाबरती ती, म्हनून नुसतं त्याल. वरसाचा सण, घरातलं लेकरू पारोसं ठिवू व्हय?"

माझी पाचावर धारण बसली. त्यांचं तेल म्हणजे खोबरेलात कापूर चुरायचा आणि वर सढळ हाताने निलगिरी ओतायची. गुडघ्यांसाठी त्या ते घरीच करत. मांजर घरात आली तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की असली उग्र वासाची तेलं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि अंगावर पडलेलं सगळं ती चाटून पोटात घेते. तेव्हापासून मी फिनेल, खोलीत मारायचे फवारे, उदबत्त्या, सगळं घराबाहेर काढलं होतं. शेजारणी हसायच्या. सासूबाईंचं तेल तेवढं राहिलं होतं, तेही रात्री दार लावून चोळायचं या बोलीवर.

मी तिला सोफ्याखालून ओढलं. हनुवटी लाळेने ओली झाली होती. खाली ठेवली तर मागचे पाय वाकडे पडायला लागले.

डॉक्टरांनी फोन उचलला, हे नशीब. त्या म्हणाल्या, चाटू देऊ नका, भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, उलटी करवू नका, टॉवेलात गुंडाळून लगेच आणा आणि तेलाची बाटलीही आणा. मी मोरीत बसून तिला धुतलं. तिने माझे हात फाडले. सासूबाई दारातून तांब्याने पाणी ओतत होत्या, पण तिला हात लावत नव्हत्या. मला तेव्हा त्याचाही राग आला.

नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. त्याच्या कंपनीची भट्टी दिवाळीतही थंड होऊ देत नाहीत. मोबाइलवर एकही गाडी मिळेना. मी मांजर छातीशी धरून खाली उतरले, तर सासूबाई माझ्यामागे, अनवाणीच. चौकात एक रिक्षा आली तशा त्या हात पसरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, लेकरू आजारी हाय, चल लवकर."

रिक्षावाल्याने टॉवेलात डोकावलं. "मावशी, ही तर मांजर हाय."

"मंग? तिला जीव न्हाई व्हय?"

तो निघाला. वाकडपर्यंत रस्ता मोकळा होता, पण कुठेतरी माळ फुटली की टॉवेलातलं अंग ताठ व्हायचं आणि मग थरथरत राहायचं. एकदा ती थरथर थांबेचना. मला काय करावं ते सुचेना आणि तोंडाला आलं ते मी बोलले.

"मारलंत तुम्ही तिला."

सासूबाई पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "जरा दामट, भाऊ." एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. मी घाबरले होते आणि माझा राग खरा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "हे कुणी लावलं?"

"म्या लावलं," सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या. "किती लावलं तेबी सांगती. वंजळभर. डोक्यापासनं शेपटीपतुर."

पुढचे काही तास तिला सलाईन लावलेलं होतं. बाकडं रिकामं होतं, तरी सासूबाई भिंतीला टेकून उभ्याच. "बसा की," असं मी म्हटलं नाही. दुपार कलल्यावर थरथर थांबली. संध्याकाळी तिने मान उचलून माझ्याकडे बघितलं तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले. रक्त पुन्हा तपासावं लागेल, पण आता घरी न्या, असं डॉक्टर म्हणाल्या.

घरी सासूबाई भिंत धरत धरत खुर्चीत टेकल्या. मी मांजरीला खाली ठेवलं. ती लटपटत सरळ त्यांच्याकडे गेली आणि मांडीवर चढायला पंजे वर केले. रोज ती तिथेच झोपायची.

सासूबाई ताडकन उठल्या. गुडघ्यांत कळ आली असणार, कारण चेहरा पिळवटला. "नगं गं भवाने, लांब हो!" त्या पदर गच्च आवळून मागे सरकत होत्या आणि ती ओरडत त्यांच्या मागे जात होती. "सकाळचं त्याल हाय अजून माज्या हातापायाला. हिला धर गं, धर. म्या न्हाई शिवायची तिला."

मी मांजरीला आतल्या खोलीत ठेवून दार लावलं. बादलीत कढत पाणी काढलं, साबण घेतला, सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि त्यांचे पाय धुवायला खाली बसले.