तिसऱ्या कोर्टवरून आलेला आवाज

बेथन प्रॉसर आमच्या गावातल्या पार्कात लहान मुलांना टेनिस शिकवते. पहिल्याच दिवशी ती मुलांना एक नियम सांगते. "कोणी कितीही ओरडू दे. चेंडूचा दुसरा टप्पा पडेपर्यंत खेळायचं."

मुलांच्या आयांना हे जरा विचित्र वाटतं. त्या पार्कात कोणी ओरडत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या उन्हात ओरडायची ताकद कोणात असते?

मला तो नियम कुठून आला ते माहीत आहे. मी तिथे होते. 

बेथन वेल्सची, इंग्लंडला लागून असलेल्या छोट्या देशाची. तिचे वडील बस चालवतात. ती जिथे शिकली ते कोर्ट नगरपालिकेचं होतं. खेळण्याआधी झाडूने पाणी काढावं लागायचं. आमच्या छोट्या कॉलेजने तिला टेनिससाठी फी माफ करून आणलं आणि माझ्या खोलीत ठेवलं. मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी साहित्य शिकत होते.

पहिल्या आठवड्यात मी तिला विचारलं, "काल जिंकलीस का?"

"संघ जिंकला."

"आणि तू?"

"माझं काहीच झालं नाही."

मग तिने मेसच्या टेबलावर मक्याच्या पावाचे तुकडे मांडून मला समजावलं. आधी दुहेरीचा एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, सहा कोर्टांवर, सगळे एकाच वेळी. एकूण सात गुण. चार गुण आधी मिळवेल तो संघ जिंकला. आणि चौथा गुण झाला की उरलेले सामने जिथे असतील तिथे थांबवायचे. तुम्ही जिंकत असा नाहीतर हरत असा, रॅकेट खाली. तुमच्या नावापुढे एकच शब्द येतो. अपूर्ण.

"माझा खेळ लांबतो," बेथन म्हणाली. "मी मारत नाही. मी परत पाठवते. समोरची कंटाळेपर्यंत."

"मग?"

"मग माझं संपायच्या आत दुसऱ्या कोणाचं तरी संपतं. तिकडे आरडाओरडा होतो. सगळ्या जणी रॅकेटी फेकून तिच्याकडे पळतात, तिच्या अंगावर पडतात. मीसुद्धा पळते." तिने एक तुकडा तोंडात टाकला. "एकदा त्या ढिगाऱ्यात मला सगळ्यात खाली असायचंय."

बस, एवढंच. तिला पहिला क्रमांक नको होता, पेपरात फोटो नको होता. एकदा चौथा गुण तिचा असावा, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पळावं.

पहिलं वर्ष संपता संपता कोच टॉलिव्हरनी तिला विचारलं, "तुझ्यासारखी आणखी एखादी पोरगी आहे का गं तिकडे?" बेथनला तेव्हा घरची फार आठवण येत होती. तिने इमोजेन लेसीचं नाव सांगितलं. लहानपणी दोघी स्पर्धांमध्ये भेटायच्या. एकदा बेथनच्या रॅकेटची तार तुटली, तेव्हा इमोजेनने स्वतःची रॅकेट दिली होती.

इमोजेन आली. ती इंग्लंडातल्या सरेची. तिच्या घरामागे स्वतःचं गवताचं कोर्ट होतं. कोचनी तिला तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे तिसऱ्या कोर्टवर खेळवलं. बेथन पाचव्यावर राहिली.

"मीच आणली तिला," बेथन मला म्हणायची. सुरुवातीला अभिमानाने. नंतर वेगळ्या सुरात.

कारण इमोजेन झटपट खेळायची. दोन फटके, गुण. दोन फटके, गुण. चौथा गुण हटकून तिच्या कोर्टवर पडायचा. बेथन पाचव्या कोर्टवर घामाने निथळत एकेक चेंडू परत पाठवत असायची. मग तिसऱ्या कोर्टवरून ती किंकाळी यायची. बेथन रॅकेट खाली करायची, समोरच्या मुलीशी हात मिळवायची आणि पळायची.

हळूहळू तिला तो आवाज आधीच ऐकू यायला लागला. ती म्हणायची, "कोर्टवर माझा एक कान माझा नसतो. तो तिच्याकडे असतो."

मत्सर लपत नाही, विशेषतः एका खोलीत. बेथनची आई घरून चहाच्या पिशव्या पाठवायची. इमोजेन मधूनमधून यायची. "बेथ, राणी, एक पिशवी दे ना. इथला चहा म्हणजे उकळलेला पुठ्ठा." बेथन द्यायची. पण तिने दोन डबे केले होते. आईकडचा चांगला चहा मोज्यांच्या खणात. इथल्या दुकानातला टेबलावर. इमोजेनला टेबलावरचा मिळायचा. इमोजेन तो पिऊन म्हणायची, "अहाहा, घर आठवलं." बेथन माझ्याकडे बघायची नाही.

एकदा संघ जेवायला गेला होता. मीही होते. वाढणारी बाई इमोजेनचं बोलणं ऐकून तिथेच थबकली.

"अगं बाई! तू इंग्लंडची? बोल ना आणखी काहीतरी. काहीही बोल."

इमोजेनने मेन्यू वाचून दाखवला. बाईने छातीवर हात ठेवला. मग ती बेथनकडे वळली. "आणि तू गं? आयर्लंडची ना?"

"वेल्सची."

"ते इंग्लंडातच ना?"

"जवळजवळ," इमोजेन हसत म्हणाली.

टेबलावर सगळे हसले. बेथनने मेन्यू मिटून ठेवला. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "जवळजवळ. ऐकलंस? जवळजवळ!"

"गंमत केली तिने."

"तिला गंमत करता येते. तिचं सगळं पूर्ण होतं ना."

शेवटच्या वर्षी आमचा संघ लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. बेथनचा हा शेवटचा सामना. मी गाडी चालवत तिकडे गेले.

दुहेरीचा गुण आम्हाला मिळाला. पहिल्या आणि सहाव्या कोर्टवर आम्ही जिंकलो, दुसऱ्या आणि चौथ्यावर हरलो. तीन-दोन. दोन कोर्टं उरली. तिसरं आणि पाचवं. मध्ये चौथं कोर्ट रिकामं.

खेळून झालेल्या मुली तिसऱ्या कोर्टच्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. मी त्यांच्यात होते. तिथून दोन्ही कोर्टं दिसत. दोघीही तिसऱ्या सेटमध्ये पाच-चारने पुढे होत्या. आणखी एक गेम जिला आधी मिळेल, चौथा गुण तिचा. दुसरी अपूर्ण.

इमोजेन बाजू बदलतानाच्या विश्रांतीसाठी नुकतीच खुर्चीत बसली होती. बेथनची ती विश्रांती संपत आली होती, पण ती बसलीच नव्हती. ती पाणीही प्यायली नाही. थेट जाऊन रेषेवर उभी राहिली. समोर टेक्ससची एक उंच मुलगी होती. ती निवांत तोंड पुसत होती.

"बाई, लवकर कर ना!" बेथन चक्क ओरडली.

कोच टॉलिव्हर दोन्ही कोर्टांच्या मध्ये उभे होते. "बेथन! पोरी, घाई कशाला? तुझा खेळ खेळ!"

ती ऐकत नव्हती. ती सर्व्हिस करून जाळीकडे धावत होती. बेथन, जी कधी जाळीजवळ फिरकत नसे! पहिले तीन गुण तिला मिळाले. चाळीस-शून्य. तिने मान वळवून तिसऱ्या कोर्टकडे पाहिलं. इमोजेन अजून खुर्चीत होती. मग बेथनने आणखी घाई केली आणि तीन गुण घालवले. चाळीस-चाळीस. कॉलेजच्या टेनिसमध्ये तिथे एकच गुण उरतो. जो घेईल त्याचा गेम. बेथनने घेतला तर सामना, स्पर्धा, ढिगारा, सगळं तिचं.

ती थांबली. तिने चेंडू जमिनीवर आपटला, आणखी एकदा आपटला. मग ती तिचा खेळ खेळली.

चेंडू गेला, आला. गेला, आला. टेक्ससची मुलगी जोरात मारत होती. बेथन परत पाठवत होती. कुंपणाजवळच्या मुलींनी श्वास रोखला. मग ती उंच मुलगी चिडून जाळीजवळ आली, आणि बेथनने चेंडू तिच्या डोक्यावरून उचलला. इतका उंच, की आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. तो खाली आला तो बरोबर मागच्या रेषेवर. ती मुलगी उलटी धावली आणि पाठमोरीच कशीबशी रॅकेट लावली. चेंडू लुळा होऊन बेथनच्या बाजूला परत आला. बेथनने एक पाऊल पुढे टाकून त्याला नुसतं शिवायचं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या कोर्टवरून किंकाळी आली. शब्द नव्हता. नुसता कान फाडणारा आनंद. आणि पाठोपाठ सगळ्या मुली ओरडल्या.

बेथनने रॅकेट खाली केली.

चेंडू तिच्यासमोर पडला. टप्पा. दुसरा टप्पा. तो हळूहळू घरंगळत कुंपणाकडे गेला. बेथन हात पुढे करून जाळीकडे चालत निघाली होती. चेहरा अगदी कोरा. चार वर्षांत तो चेहरा मी किती वेळा पाहिला होता.

टेक्ससची मुलगी तिच्या हाताकडे बघत राहिली. "काय झालं?" तिने विचारलं.

पंच म्हणाले, "पाच-पाच."

बेथनने तिसऱ्या कोर्टकडे पाहिलं. इमोजेन टॉवेल हातात घेऊन खुर्चीशेजारी उभी होती. तिचा गेम अजून सुरूच झाला नव्हता.

पुढचं लवकर संपलं. इमोजेन सर्व्हिस करायला गेली. दोन फटके, गुण. दोन फटके, गुण. मग खरी किंकाळी आली. या वेळी बेथन थांबली नाही. समोरच्या मुलीने रॅकेट टाकली होती, ती रडायला लागली होती, आणि बेथन रिकाम्या बाजूला चेंडू मारत होती. एक मारला. खिशातून दुसरा काढला आणि तोही मारला. शेवटी पंच खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ गेले.

"झालं, बाळ. संपलं."

तिने रॅकेट पिशवीत घातली. तिसऱ्या कोर्टवर ढिगारा झाला होता. ती तिकडे चालत गेली. पळाली नाही. इमोजेन ढिगाऱ्यातून केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"बेथ! काय चेंडू टाकलास तो! पण थांबलीस का गं?"

"मला वाटलं, बाहेर जातोय."

"बाहेर? अगं, तो तुझ्या पायाशी पडला!"

"मला वाटलं," बेथन पुन्हा म्हणाली.

संध्याकाळी संघ तळलेली कोंबडी खायला गेला. आत टेबलावर चषक, त्यात कोणीतरी बटाट्याच्या फोडी भरलेल्या. बेथन बाहेर पार्किंगच्या कट्ट्यावर बसली होती. मी जाऊन शेजारी बसले.

ती बुटाने डांबर खरवडत होती. मग म्हणाली, "तू तिकडेच होतीस ना? कुंपणाजवळ?"

"हो."

"कशाला ओरडल्या त्या?"

 मी चार वर्षं कथा-कादंबऱ्या वाचल्या होत्या. या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं ते त्यात नव्हतं.

"डेलिया. सांग."

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. "तो उंच चेंडू रेषेवर पडला ना, त्यासाठी."

ती माझ्याकडे वळली. "सगळ्या?"

"सगळ्या. पण आधी एकटीच ओरडली. इमोजेन. ती खुर्चीवर चढली होती गं. टॉवेल फिरवत होती. तिचा स्वतःचा गेम राहिला होता, तिचं लक्षच नव्हतं. मग तिचं बघून बाकीच्या ओरडल्या."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला. बेथनने दोन्ही हातांनी तोंड चोळलं, जोरात, जसं मूल चोळतं.

"शी," ती म्हणाली. "तेसुद्धा तिनेच करायचं होतं?"

"बेथन…"

"नाही, थांब. मी ओरडले नसते." तिचा आवाज अगदी शांत होता. "तिच्यासाठी मी एकदाही ओरडले नाही. तुला माहितीये? मी पळायचे, मिठी मारायचे, पण तोंड बंद. इतक्या गोंगाटात कोणाला कळतंय? मला ओरडताच यायचं नाही. मला वाटायचं, तीही तशीच असेल. सगळ्याच तशा असतात."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

दार उघडलं. इमोजेन बाहेर डोकावली. तिच्या गालाला सॉस लागला होता.

"ए बेथ! तुझी कोंबडी गार होतेय. आणि इथल्या बाईने मला पुन्हा मेन्यू वाचायला लावलाय, तू ये ना, तिला वेल्श ऐकव जरा!"

बेथन हसली नाही. ती उठली, पँट झटकली.

"आलेच," ती म्हणाली. मग मला हळूच, "तिला सांगू नकोस."

"काय?"

"मला तिचाच आवाज ऐकू आला, हे."

आणि ती आत गेली. इमोजेनने तिच्यासाठी दार धरून ठेवलं होतं. तिच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने बेथन त्या दारातून गेली.